मन मोकळं करायचं, पण कुणापाशी?

जून लागला की अमेरिकेत पुरुषांच्या आरोग्याची मोहीम सुरू होते. ‘फादर्स डे’च्या आधीचा आठवडा १९९४ पासून त्यासाठी राखलेला आहे, आता तर अख्खा महिनाच त्या नावावर झालाय. मग टीव्हीवर, पॉडकास्टवर, चर्चच्या सभागृहात एक चर्चा ठरलेली असते. कृष्णवर्णीय पुरुष लवकर का मरतात आणि मनातलं का बोलत नाहीत? एक बाजू म्हणते, पुरुषीपणाचा ताठा सोडा, रडायला शिका, वेळेवर डॉक्टरकडे जा. दुसरी म्हणते, सगळं मूळ वर्णद्वेषात आहे, ते उपटल्याशिवाय समुपदेशन वगैरे थोतांड. हाच वाद आमच्या इकडच्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींत पोचला की त्याला तिसरा फाटा फुटतो. शहराच्या जुन्या भागातल्या रुग्णालयात उमेदीची वर्षं काढलेले एक डॉक्टर मंडळाच्या स्नेहभोजनात मसालेभात वाढून घेताना म्हणाले, “अहो, दोनशेवर बीपी घेऊन येतात. गोळ्या लिहून द्याव्यात तर पुढच्या खेपेला पत्ता नाही. त्यांच्यातच आहे ते.” आजूबाजूच्या चार माना हलल्या. डॉक्टर माणूस म्हणून चांगले आहेत, रात्री-अपरात्री धावणारे आहेत, म्हणूनच ते वाक्य जास्त खटकलं.

मला या तिन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण तिघींचं एका बाबतीत एकमत आहे. बदल घडायचा तो एकतर रुग्णाच्या डोक्यात, नाहीतर थेट समाजक्रांतीत. मधला दवाखाना, तपासणीची खोली, खुर्चीत बसलेला डॉक्टर, बिल कोण भरणार हा प्रश्न, हे सगळं जणू आपोआप ठीकच आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. या पुरुषांचं गप्प राहणं आणि दवाखाना टाळणं हा बहुतेक वेळा अनुभवावरून काढलेला निष्कर्ष असतो, आणि तो निष्कर्ष उपदेशाने बदलत नाही. वेगळा अनुभव दिला तर बदलतो, आणि तोही बऱ्यापैकी लवकर. याला पुरावा आहे.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते पदरात घेऊ. डॉक्टर टाळणं ही कुठल्या एका वर्णाची मक्तेदारी नाही. छातीत दुखतंय म्हटल्यावर ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पिऊन झोपणारे काका आपल्या प्रत्येक घरात निघतील. पुरुषाने सोसावं, बोलू नये, हा धडा जगभर गिरवला जातो आणि त्याने माणसं मरतात. अमेरिकेतले कृष्णवर्णीय पुरुष त्यांच्याच समाजातल्या बायकांपेक्षा साधारण चौपट प्रमाणात आत्महत्या करतात. त्यांचं प्रमाण गोऱ्या पुरुषांपेक्षा कमी राहिलं आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र भडक होतं. पण मुलांकडे बघितलं की हा दिलासा टिकत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५ ते १२ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये आत्महत्येचं प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट आढळलं. पाच ते बारा! या वयात कसला आलाय पुरुषी ताठा? प्रोस्टेटच्या कर्करोगाने मरण्याचा धोका कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे, आणि २०२१ साली, कोविडच्या तडाख्यात, त्यांचं सरासरी आयुर्मान ७० च्या खाली गेलं होतं. ताठा सगळ्याच पुरुषांत असेल, तर मग हा फरक कुठून आला?

इथे उत्तर म्हणून हमखास टस्कीगीचं नाव घेतलं जातं. टस्कीगी हे अलाबामातलं एक गाव. १९३२ साली ते ज्या मेकन काउंटीत आहे तिथे केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष गोळा केले. बहुतेक वाट्याने शेती करणारे गरीब लोक. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं की तुमचं ‘रक्त खराब’ आहे, आम्ही फुकट बघतो. प्रत्यक्षात बघायचं होतं ते आजार माणसाला कसकसा खातो ते, आणि तेही पार शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत. बदल्यात गरम जेवण आणि दफनाचा खर्च. मणक्यात सुई खुपसून पाणी काढायचं होतं तेव्हा घरोघर जे पत्र गेलं, त्यात लिहिलं होतं की खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे. चाळीसच्या दशकात पेनिसिलिन हाताशी आलं, तेही या माणसांपर्यंत पोचू दिलं नाही. हे सगळं ४० वर्षं चाललं. आरोग्य सेवेतच काम केलेल्या पीटर बक्सटन यांनी पुराव्याचे कागद बाहेर दिले आणि जुलै १९७२ मध्ये जीन हेलर या पत्रकार बाईंनी बातमी फोडली, म्हणून थांबलं. राष्ट्राध्यक्षांची माफी आली ती १९९७ साली.

यावर टीकाकार म्हणतात, आज दवाखाना टाळणाऱ्या तिशीतल्या तरुणाला टस्कीगी धड माहीतही नसतं, तुम्ही प्रत्येक गोष्ट पन्नास वर्षं जुन्या पापावर ढकलता. या आक्षेपात दम आहे. मार्सेला अल्सान आणि मॅरिएन वानामेकर या दोघी अर्थतज्ज्ञांनी आकडेवारी मांडून दाखवलं की ती बातमी फुटल्यानंतर कृष्णवर्णीय पुरुषांचं दवाखान्यात जाणं घटलं आणि ४५ व्या वर्षी उरलेलं त्यांचं आयुष्य दीड वर्षापर्यंत कमी झालं. दुसरीकडे, वैद्यकीय संशोधनात भाग घ्यायची कृष्णवर्णीयांची तयारी गोऱ्यांपेक्षा कमी नाही, असंही इतरांच्या पाहणीत दिसलं आहे. तेव्हा टस्कीगी हे एकच कुलूप आणि तीच किल्ली असं मीही मानत नाही. उलट मला वाटतं, टस्कीगीचं सतत नाव घेण्यात आजच्या डॉक्टरांची सोयच होते. दोष जुन्या पिढीचा, मेलेल्यांचा. आजचं काय?

आजचं असं आहे. मूत्रपिंड किती काम करतंय हे रक्ताच्या तपासणीवरून काढायचं जे सूत्र अमेरिकेत सर्रास वापरात होतं, त्यात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर वाढवून धरायची सोय होती. म्हणजे कागदावर मूत्रपिंड खऱ्यापेक्षा बरं दिसणार आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागणार. हे सूत्र २०२१ साली बदललं. यादीतले वाया गेलेले महिने-वर्षं परत मोजून देण्याचा नियम आला २०२३ साली. अमेरिकन फुटबॉलची राष्ट्रीय लीग घ्या. डोक्यावर आपटून आपटून ज्यांच्या मेंदूचं नुकसान झालं, त्या निवृत्त खेळाडूंना भरपाई द्यायची ठरली तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूची बुद्धी मुळातच कमी असते असं गृहीत धरून गुण मोजले जात होते. मुळात कमी, म्हणून घसरण कमी, म्हणून भरपाई नाकारणं सोपं. केव्हिन हेन्री आणि नजेह डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये दावा लावला, मग २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडायचं कबूल केलं. याला जुनं पाप कसं म्हणायचं?

आणखी एक गोष्ट तर आपल्याही घरात येऊन गेली आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मिळावा म्हणून लोक औषधाच्या दुकानांबाहेर रांगा लावत होते. ‘चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की सांगा’ हे वाक्य तेव्हा पाठ झालं होतं. त्याच्या आधीच, डिसेंबर २०२० मध्ये, मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की हे यंत्र गडद त्वचेवर चुकतं. रक्तातला प्राणवायू खरोखर घसरलेला असतानाही यंत्राने ‘ठीक आहे’ म्हटल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. धाप लागलेला माणूस सांगतोय की मला श्वास पुरत नाही, आणि समोरचा आकड्याकडे बोट दाखवून त्याला घरी पाठवतोय, असं घडायला वाईट माणसाची गरज लागत नाही. आपल्या सावळ्या बोटांवर ते यंत्र किती बरोबर चाललं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

आता मनाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. ‘भावना व्यक्त करा’ हा सल्ला देताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. पुरुषाचं नैराश्य नेहमी अश्रूंतून बाहेर पडत नाही. पुष्कळदा ते चिडचिडीतून, रागातून, तिरसट उत्तरांतून येतं. गोऱ्या मध्यमवर्गीय माणसाची चिडचिड ताण म्हणून समजून घेतली जाते. कृष्णवर्णीय माणसाची चिडचिड काय म्हणून नोंदवली जाते? १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामाला पळून जावंसं वाटणं हाच एक मनोविकार असल्याचं लिहिलं आणि त्याला भारदस्त ग्रीक नावही दिलं. हसू येतं ना? पण १९७४ सालची, मनोविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आलेली हॅलडॉल या औषधाची जाहिरात बघा. चिडलेला कृष्णवर्णीय माणूस, वळलेली मूठ, मागे शहर. आक्रमक आहे, भांडखोर आहे, हे औषध द्या म्हणजे सहकार्य करू लागेल, असा मजकूर. अमेरिकेत कृष्णवर्णीयांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात बसतो आणि नैराश्य मात्र नजरेतून सुटतं, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

शिक्का बसून सुटका झाली तर नशीब. मार्च २०२० मध्ये रॉचेस्टर शहरात डॅनियल प्रूड याच्या भावाने पोलिसांना फोन केला. भाऊ भ्रमिष्टासारखा करत घरातून निघून गेला होता, त्याला शोधा म्हणून. डॅनियल सापडला तेव्हा अंगावर कपडे नव्हते आणि रात्र बर्फाची होती. पोलिसांनी त्याच्या डोक्यावरून जाळीची टोपी चढवली आणि डोकं जमिनीशी दाबून धरलं. आठवड्याने तो गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पश्चिम फिलाडेल्फियात वॉल्टर वॉलेस या २७ वर्षांच्या तरुणाच्या घरच्यांनी रुग्णवाहिका मागवली होती. आले पोलीस. मुलाच्या हातात सुरी होती, आई मध्ये पडत होती, तिच्या डोळ्यांदेखत गोळ्या सुटल्या. सुरी होती हे खरं, आणि पोलिसांना भीती वाटली असेल हेही मी मान्य करतो. पण मग या दोन्ही घरांतल्या माणसांनी नेमकं काय चुकीचं केलं? मदत मागा, लपवू नका, वेळेत फोन करा, हेच तर आपण सांगत होतो. तेच त्यांनी केलं. शेजारच्या घरातल्या मुलाने हे पाहिल्यावर उद्या त्याचं मन थाऱ्यावर नसेल तेव्हा तो कुणाला सांगेल, असं तुम्हाला वाटतं?

‘हा सगळा गरिबीचा प्रश्न आहे, वर्णाचा नव्हे’ हा आक्षेप आपल्या मंडळींत फार लाडका आहे, कारण ‘शिका, कमवा, वर या’ हे आपलं स्वतःचं चरित्र. गरिबीचा वाटा मोठा आहे, वादच नाही. पण शेर्मन जेम्स या साथरोगतज्ज्ञाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलिनात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मुलाखत घेतली, ती ऐकण्यासारखी आहे. गृहस्थ १९०७ साली जन्मलेले, शाळा दुसरीपर्यंत, वाचायला स्वतःच शिकलेले. वाट्याच्या शेतीतून सुटायचं म्हणून कर्ज काढून जमीन घेतली, दिवसरात्र राबून ते पाच वर्षांत फेडलं आणि चाळिशीत ७५ एकरांचे धनी झाले. पन्नाशीत रक्तदाब, सांधेदुखी आणि जठराचा व्रण असा वाढला की जठराचा ४० टक्के भाग कापून काढावा लागला. बोलणं चाललं असताना बायकोने आतून जेवायला हाक मारली, ‘जॉन हेन्री मार्टिन!’ आणि जेम्स चमकले. जॉन हेन्री हे तिकडच्या लोककथेतलं नाव. बोगदा खणताना वाफेच्या यंत्राशी हातोड्याने पैज लावून जिंकला आणि हातोडा हातात असतानाच मेला, तो पोलादी बांध्याचा कामगार. प्रतिकूल जगात नुसत्या जिद्दीवर रेटत राहिल्याची किंमत शरीर मोजतं, या आपल्या सिद्धान्ताला जेम्स यांनी त्याचंच नाव दिलं. हा शेतकरी आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता, बेजबाबदार तर मुळीच नव्हता. जो गुण त्याच्या अंगी हवा असा उपदेश आपण करतो, तोच गुण त्याच्या जठरावर उलटला.

मग करायचं काय? इथे ‘व्यवस्था बदलेल तेव्हा बघू’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ज्याचा रक्तदाब आज १५५ आहे त्याला क्रांतीची वाट पाहणं परवडत नाही. लॉस एंजेलिसमध्ये रोनाल्ड व्हिक्टर या हृदयरोगतज्ज्ञाने कृष्णवर्णीय वस्तीतली ५२ केशकर्तनालयं निवडली. तिथलं सलून म्हणजे निव्वळ केस कापायचं ठिकाण नव्हे. गिऱ्हाईक दर पंधरवड्याला त्याच खुर्चीत वर्षानुवर्षं येणारं, राजकारणापासून सासुरवाडीपर्यंत सगळं तिथेच बोलणारं. रक्तदाब वाढलेले ३१९ पुरुष या प्रयोगात होते. निम्म्या दुकानांत न्हाव्याने फक्त सांगायचं होतं, डॉक्टरकडे जा, खाणंपिणं सांभाळा. उरलेल्या निम्म्यांत न्हाव्याने ओळख करून द्यायची आणि औषधशास्त्र शिकलेला फार्मासिस्ट दुकानातच येऊन, गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांशी ठरवून, औषध सुरू करणार. सहा महिन्यांनी नुसत्या सांगण्याने वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला. फार्मासिस्ट आला तिथे २७ ने. तिथले जवळजवळ दोन तृतीयांश पुरुष १३०/८० च्या आत आले, दुसऱ्या गटात आठातला एकही धड नाही. २०१८ साली हे निष्कर्ष छापून आले. माणसं तीच, वस्ती तीच, ‘संस्कृती’ तीच. जे ‘त्यांच्यातच’ होतं ते सहा महिन्यांत कुठे गेलं?

यावर एक रास्त शंका येते. न्हाव्याच्या गळ्यात सगळं घालून सरकार आणि विमा कंपन्या हात झटकणार नाहीत कशावरून? झटकतील, संधी मिळाली तर नक्की झटकतील. आर्कान्सामधून लोरेन्झो लुईस यांनी २०१६ साली सुरू केलेल्या कन्फेस प्रोजेक्टमध्ये न्हाव्यांना मानसिक त्रासाची लक्षणं ओळखायला, नीट ऐकून घ्यायला शिकवलं जातं. काम मोलाचं आहे, पण तो न्हावी काही मनोविकारतज्ज्ञ होत नाही, त्याने व्हावं अशी अपेक्षाही अन्यायाची. व्हिक्टर यांच्या प्रयोगातला ९ आणि २७ मधला फरक हेच तर सांगतो. जिव्हाळ्याची खुर्ची दार उघडते, पण आत शिकलेला, पगार मिळणारा माणूस आणि औषध असावं लागतं. जनजागृतीची पोस्टरं स्वस्त पडतात म्हणून त्यांचा सुळसुळाट होतो.

बरं, तो शिकलेला माणूस कृष्णवर्णीयच हवा का? १९४६ साली हार्लेममध्ये सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक उघडलं. जर्मनीतून आलेले गोरे मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम आणि लेखक रिचर्ड राइट यांचा त्यात पुढाकार होता. फी २५ सेंट, ज्याला जमेल त्याने द्यावी, दवाखाना संध्याकाळी, म्हणजे काम बुडवायला नको. डॉक्टर विनामूल्य काम करत. सरकारी पैसा मागूनही मिळाला नाही, तरी दहा वर्षांहून जास्त काळ तळघरातल्या त्या बाकांवर माणसं येऊन बसत राहिली. तेव्हा गोरा डॉक्टर विश्वास कमवूच शकत नाही, असं म्हणणं खोटं आहे. पण कमवावा लागतो, आणि तो सगळ्यांना सारख्याच वेळात कमावता येत नाही. अल्सान यांनीच सहकाऱ्यांबरोबर ओकलंडमध्ये केलेला प्रयोग हे फार बारकाईने दाखवतो. कृष्णवर्णीय पुरुषांना तात्पुरत्या दवाखान्यात बोलावलं. कुणाच्या वाट्याला कुठला डॉक्टर येणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. काहींना कृष्णवर्णीय, काहींना गोरा किंवा आशियाई. आधी टॅब्लेटवर डॉक्टरचा फोटो दाखवून विचारलं, कुठल्या तपासण्या करणार? दोन्ही गटांची उत्तरं सारखीच. म्हणजे चेहरा बघून कुणी नाक मुरडलं नव्हतं. मग डॉक्टरशी प्रत्यक्ष बोलणं झालं, आणि ज्यांना कृष्णवर्णीय डॉक्टर भेटला होता ते बोटाला टोचून रक्त द्यायला, फ्लूची लस घ्यायला बरेच जास्त तयार झाले. बोलणंही त्यांच्याशीच जास्त झालं होतं. मधुमेह, कोलेस्टेरॉल वेळेत सापडलं तर हृदयरोगाने मरण्यातली गोऱ्या-काळ्या पुरुषांमधली दरी १९ टक्क्यांनी बुजू शकते, असा त्यांचा हिशोब आहे.

आणि इथेच आपल्या मंडळींची दुखरी नस आहे, ती म्हणजे मेरिट. १९७८ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ५४२ कृष्णवर्णीय पुरुषांनी प्रवेश घेतला होता. २०१४ साली ५१५ जणांनी. छत्तीस वर्षांत लोकसंख्या किती वाढली, जागा किती वाढल्या, आणि हा आकडा उतरलेला. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वर्णाचा विचार करणं बेकायदा ठरवलं तेव्हा आपल्याकडच्या कित्येक व्हॉट्सॲप गटांत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला होता. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे व्यासपीठावरून अभिमानाने सांगणारेही त्यात होते. आपल्या मुलांच्या जागा जातात ही आईबापांची काळजी मी खोटी म्हणणार नाही, त्यांचे कष्ट मी बघितले आहेत. पण डॉक्टरचं मेरिट म्हणजे काय, हे ठरवताना प्रवेश परीक्षेचे गुण धरायचे आणि रुग्णाने रक्त द्यायला बोट पुढे केलं की नाही हे धरायचं नाही, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? ओकलंडमध्ये दोन्ही गटांतले डॉक्टर पदवीधर होते, हातात साहित्य तेच होतं, तपासण्या फुकट होत्या. फरक पडला तो त्या खोलीतल्या बोलण्याने, आणि ते बोलणं ज्याला लवकर जमतं अशा माणसाला पांढरा कोट घालायला मिळणार की नाही, हे ठरतं प्रवेशाच्या टेबलावर.